रक्त, रीत आणि हजेरी

माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक जुने, दुसरे त्या मानाने नवे. जुने उत्तर म्हणते, ते त्याच्या रक्तातच आहे. नवे उत्तर म्हणते, परिस्थितीने त्याला तसे केले. पहिले उत्तर निर्दय आणि दुसरे माणुसकीचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आणि दुसरे उत्तर एकदा तोंडातून बाहेर पडले, की आपण सुधारलेले आहोत अशी आपली आपल्यालाच खात्री पटते. आपल्या समीक्षेनेही हे दुसरे उत्तर फार सहजपणे आपलेसे केले आहे. ‘फकिरा’वर लिहायचे असो की ‘उचल्या’वर, ‘परिस्थितीचे बळी’ हे शब्द परीक्षणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात हजर असतातच. मला हे शब्द खटकत आले आहेत. त्यांत खोटे काही नाही. पण ज्या पुस्तकांविषयी ते वापरले जातात, त्या पुस्तकांत जे प्रत्यक्ष घडते ते या शब्दांत मावत नाही.

येथे मी तीन पुस्तकांचा विचार करणार आहे. एमिल झोलाची ‘ला बेत युमेन’ (१८९०), अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७). पॅरिसचा एक कादंबरीकार, वाटेगावचा एक शाहीर आणि लातूरजवळच्या धनेगावचा एक कामगार यांना एका पंक्तीत बसवणे काहींना विचित्र वाटेल. पण गुन्हा वंशातून उतरतो की नाही, हा प्रश्न तिघांच्याही पुढे प्रत्यक्ष उभा होता. झोलाने तो प्रयोगशाळेतून उचलला, अण्णा भाऊंना तो जन्मासोबत मिळाला आणि गायकवाडांच्या घरी तो पोलिसांच्या रूपाने रात्री-अपरात्री येत असे.

आधी आपल्या भाषेचेच थोडे पाहू. मराठीत ‘भामटा’ ही शिवी आहे, आणि भामटा हे एका जमातीचे नाव आहे. ‘बेरड’ म्हणजे कोडगा, निगरगट्ट. आणि बेरड ही एक जमात आहे. ‘उचल्या’ म्हणजे दुसऱ्याची वस्तू हातोहात लांबवणारा. आणि याच नावाने एक जमात सरकारदप्तरी नोंदली गेली. जातीचे नाव आणि अवगुणाचे नाव एकच असले, म्हणजे विचार करण्याचे कष्टच उरत नाहीत. ‘तो भामटा आहे’ या वाक्यात वर्णन किती आणि आरोप किती, हे बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. रामोशांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गावाची राखण करणारा तो रामोशी आणि गावावर दरोडा घालणारा तोही रामोशी. तेच शरीर, तीच नजर, तेच अंधारात वाट काढण्याचे कसब. बलुते चालू असले की त्याला राखण म्हणायचे आणि बंद झाले की गुन्हा. १८३२ साली पुण्यात उमाजी नाईकाला फाशी दिल्यानंतर वर्षभरातच, १८३३ साली, कॅप्टन मॅकिंटॉशचे रामोशांवरचे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. आपल्या समाजात गुन्हेगारीचे शास्त्र असे माणूस फासावर गेल्यावर लिहिले जाऊ लागले.

हे शास्त्र म्हटले की लोम्ब्रोझोचे नाव निघते. चेझारे लोम्ब्रोझो हा इटालियन डॉक्टर तरुणपणी सैन्यातर्फे कलाब्रियात राहून आलेला होता. त्याच कलाब्रियातल्या व्हिल्लेल्ला नावाच्या एका मृत कैद्याची कवटी तपासताना त्याला तिच्या मागच्या भागात एक खळगा दिसला. असा खळगा माणसात क्वचित आणि खालच्या प्राण्यांत नेहमी आढळतो, एवढ्या आधारावर त्याने सिद्धान्त मांडला: जन्मजात गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला माणूस. १८७६ साली त्याचा ग्रंथ निघाला. पुढच्या आवृत्त्यांत ग्रंथ फुगत गेला, सामाजिक कारणांची भर पडत गेली आणि जन्मजात गुन्हेगारांचे प्रमाण त्याला स्वतःलाच कमी करावे लागले. १९१३ साली इंग्लंडात चार्ल्स गोरिंगने तीन हजारांहून अधिक कैद्यांची मापे घेऊन असा कोणताही वेगळा शारीरिक नमुना नसल्याचे दाखवले. व्हिल्लेल्लाची कवटी मात्र अजून तुरिनच्या संग्रहालयात आहे.

आता आपल्याकडचा एक सन यांच्याशेजारी ठेवून पाहावा. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा आहे. लोम्ब्रोझोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधीचा. म्हणजे हिंदुस्थान सरकारने कवटीची वाट पाहिली नाही. या कायद्याच्या मागे जो युक्तिवाद होता तो शरीराचा नव्हता, रीतीचा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो. धंदा जातीने ठरतो. तेव्हा काही जाती पिढ्यान्‌पिढ्या चोरीचा धंदा करणाऱ्याही असणारच, आणि जात सुटत नसल्यामुळे त्यांचा धंदाही सुटणार नाही. हा युक्तिवाद नीट वाचला तर ध्यानात येते, की हे सामाजिक स्पष्टीकरण आहे. यात रक्ताचा शब्द असण्याची गरजच नाही. जात, संस्कार, परंपरा, सवय, म्हणजे आज आपण ज्याला ‘परिस्थिती’ म्हणतो त्याच वस्तू येथे आहेत. आणि तरीही परिणाम रक्ताच्या सिद्धान्ताहून अधिक भयंकर आहे. लोम्ब्रोझोला निदान एकेक कवटी मोजावी लागत होती. येथे जातीचे नाव पुरले.

१९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येईल असा झाला, १९२४ साली तो पुन्हा नव्याने बांधला गेला. नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडताना परवाना, आणि त्यापुढे तारेच्या कुंपणातील वसाहती. सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द अजून ओळखीचा आहे. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती, ती मला सर्वांत उद्‌बोधक वाटते. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. गुन्हा रक्तात असेल तर मुलाला आईपासून तोडून काय साधणार? आणि तो संगतीने येत असेल, तर मग जन्मल्या दिवशीच त्याला गुन्हेगार का म्हणावे? कायद्याला दोन्ही मते एकाच वेळी मान्य होती. मोठ्यांना कोंडताना रक्त, लहानांना तोडताना संस्कार. कार्यकारणभावाचा हा सगळा वाद वरवर तात्त्विक दिसतो. सत्तेच्या हाती गेला की तो चिमटा होतो आणि कोणत्याही बाजूने पकडता येतो.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. येथवरचा इतिहास अनेकांनी सांगितला आहे. माझा प्रश्न वाङ्मयाचा आहे.

झोलाकडे वळतो. वीस कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही सतरावी. एकाच घराण्यातून दारू, वेड आणि वासना पिढ्यांतून कशा वाहत जातात, हे दाखवण्याची झोलाची प्रतिज्ञा. या कादंबरीतला झाक लांतिए हा पॅरिस ते ल आव्र या मार्गावरचा आगगाडीचा ड्रायव्हर. त्याला स्त्रीची जवळीक झाली की तिला ठार करण्याची ऊर्मी येते. आणि झोलाच्या मते ही ऊर्मी दारूत बुडालेल्या पूर्वजांकडून आलेली आहे. सिद्धान्त इतका उघड, की कादंबरी वाचण्यापूर्वीच कंटाळा यावा. लोम्ब्रोझोचे वाचन झोलाने केलेले होते, आणि पुढे लोम्ब्रोझोनेही या कादंबरीवर लिहिले. शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार एकमेकांच्या वह्या तपासत होते म्हणायचे.

पण कादंबरी वाचू लागावे, आणि काय दिसते? खून या कादंबरीत एकटा झाक करीत नाही. असिस्टंट स्टेशनमास्तर रूबो मत्सराने पेटून चालत्या गाडीत एका वृद्ध न्यायाधीशाला मारतो. फाटकावरचा मिझार हजार फ्रँकांसाठी आपल्या बायकोला थोडे थोडे विष घालतो. फ्लोर नावाची मुलगी प्रेमभंगाच्या संतापात सबंध गाडी रुळांवरून खाली आणते. यांच्यापैकी कोणालाही झोलाने विषारी वंशवृक्ष दिलेला नाही. ज्याला दिला आहे तो झाक, सुरा हातात असताना, शिकार समोर असताना, खून करण्याचे व्यावहारिक कारणही असताना, रूबोवर हात उचलू शकत नाही. विचार करून मारणे त्याला जमत नाही. आणि मग एका रात्री ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम आहे तिला, सेव्हरीनला, मारून बसतो. वंशवृक्ष या एका क्षणाचे स्पष्टीकरण म्हणून उभा आहे; उरलेली कादंबरी त्याच्या मदतीशिवायच रक्ताने भरली आहे.

याहून महत्त्वाचे पात्र काब्युश. दगडाच्या खाणीत काम करणारा, रानात झोपडी करून राहणारा, दिसायला आडदांड, पूर्वी भांडणात एक माणूस हातून मेल्यामुळे शिक्षा भोगून आलेला. लोम्ब्रोझोच्या चित्रसंग्रहात शोभेल असा. तो निरपराध आहे. सेव्हरीनच्या प्रेताजवळ तो सापडतो आणि दनिझे हा हुशार न्यायाधीश दोन्ही खुनांना एकत्र गुंफणारी एक सुंदर उपपत्ती रचतो: डोके रूबोचे, हात काब्युशचे. रूबो खरे सांगतो तेव्हा ते कोणाला पटत नाही, कारण खरे हे उपपत्तीइतके सुबक नसते. दोघेही जन्मभर सक्तमजुरीला जातात आणि खरा खुनी साक्ष देऊन इंजिनावर परत चढतो. म्हणजे ज्या कादंबरीकाराने रक्ताचा सिद्धान्त खांद्यावर घेऊन लिहायला सुरुवात केली, त्याच्याच कादंबरीत तोंडावळ्यावरून आणि पूर्वेतिहासावरून गुन्हेगार ओळखणाऱ्या शास्त्राची अशी विटंबना झाली आहे. झोलातला कलावंत झोलातल्या शास्त्रज्ञापेक्षा मोठा होता, असे म्हणण्याची टीकाकारांना सवय आहे. मी इतकेच म्हणेन, की त्याने न्यायालयात जाऊन नीट पाहिले होते.

परिस्थितिवादावरचा आक्षेपही जुनाच आहे. १८७३ मध्ये दोस्तोयव्हस्कीने आपल्या रोजनिशीवजा लेखमालेत रशियातील नव्या ज्यूरींवर एक लेख लिहिला. ‘परिस्थितीने केले’ म्हणून आरोपींना सोडण्याची ज्यूरींना हौस लागली होती. त्यावर त्याचे म्हणणे असे, की सगळे दायित्व परिस्थितीवर टाकले की माणसाला स्वतःचे असे काही उरतच नाही. चार वर्षे सैबेरियात कैद भोगून आलेला माणूस हे म्हणतो, म्हणून ते ऐकावे लागते. रशियन शेतकरी कैद्यांना ‘दुर्दैवी’ म्हणतात, हे त्याला ठाऊक होते आणि प्रियही होते. पण दुर्दैवी म्हणणे आणि निर्जीव म्हणणे यांत तो फरक करीत होता. परीक्षणांतल्या ‘बळी’ या शब्दात हा फरक पुसला जातो.

‘फकिरा’मध्ये बळी कोणी नाही. तेथे वीर आहेत. राणोजी शेजारच्या शिगावातून जोगणी आणण्यासाठी जातो, त्यात प्राण गमावतो, आणि वाटेगावला जत्रेचा मान मिळतो. हा प्रसंग आपण इतक्या भारून वाचतो, की राणोजीने केले ते काय, हे विचारायचे राहून जाते. दुसऱ्या गावाच्या हद्दीत रात्री शिरून त्या गावाची पूज्य वस्तू घेऊन पळणे. दंडसंहितेत या कृत्याला नावे आहेत. गाव मात्र त्याला पराक्रम म्हणते, कारण तो गावासाठी आहे. पुढे दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागतात तेव्हा राणोजीचा मुलगा धान्य लुटतो, नंतर सरकारी खजिना लुटतो. कसब तेच आहे, धाडस तेच आहे, अंधारही तोच. आता त्याला दरोडा म्हणतात, आणि सगळ्या मांगवाड्यावर हजेरी बसते. बापाच्या आणि मुलाच्या कृत्यांना अण्णा भाऊंनी असे शेजारी शेजारी ठेवले आहे, ही या कादंबरीची खरी ताकद. गुन्हा हा कृत्याचा गुण नसून कृत्याला कोण नाव देतो यावर तो ठरतो, हे समाजशास्त्राच्या पुस्तकांत पुष्कळ पाने घालून सांगतात. अण्णा भाऊंना त्यासाठी एक जोगणी पुरली. आणि विष्णुपंत कुलकर्णी फकिराच्या पाठीशी उभा राहतो, तेव्हा नाव देण्याचा अधिकार गावातही एकाच्या हाती नव्हता, हेही दिसते.

पण याच कादंबरीविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती गौरवाच्या भरात दाबून टाकणे मला योग्य वाटत नाही. फकिराचे शौर्य अण्णा भाऊंनी बापाकडून आणि बापाच्याही पलीकडून, शिवकाळापर्यंत पोचणाऱ्या तलवारीच्या वारशातून आणले आहे. कायदा म्हणतो, हे रक्त चोराचे. कादंबरी उत्तर देते, हे रक्त वीराचे. उत्तर तडफदार आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हीन म्हटले गेले, त्याच्या लेखकाने ते का दिले हेही मला पूर्ण समजते. ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, हे विसरून चालणार नाही. तरी रक्त बोलते हे गृहीत तसेच राहिले. शत्रूचे शस्त्र हिसकावून त्याच्यावर उगारले, मोडले नाही. ज्याच्या घराण्यात राणोजी नव्हता, जो भित्रा होता, ज्याने नुसते पोटासाठी चार कणसे खुडली, त्या मांगाला या कादंबरीत जागा नाही. हजेरी त्याचीही लागत होती.

तो माणूस ‘उचल्या’त आहे. किंबहुना ‘उचल्या’त तोच आहे.

या आत्मकथनात मुले चोरी शिकतात. हे वाक्य मी साधेपणाने लिहिले आहे, पण सबंध वादाचा निकाल माझ्या मते या एका क्रियापदात लागतो. खिसा कसा मारायचा, गर्दीत धक्का कोणी द्यायचा, हाती लागलेली वस्तू कोणाकडे सरकवायची, हे शिकवले जाते. चोरीच्या निरनिराळ्या प्रकारांना त्या बोलीत स्वतंत्र नावे आहेत, आणि कोणता माणूस कशात तरबेज आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. आणि शिक्षणाचा एक भाग म्हणजे मार खाणे. पोलिसांच्या हाती सापडल्यावर नावे फुटू नयेत म्हणून घरचीच माणसे पोराला आधी मारून मारून तयार करतात. रक्तात असलेली गोष्ट अशी शिकवावी लागत नाही. पोहायला माशाला कोणी शिकवत नाही. ज्या विद्येसाठी लहान मुलाला मार सोसावा लागतो, ती विद्या त्याच्या देहाच्या प्रवृत्तीविरुद्ध त्याच्यात घालावी लागत आहे, एवढे तरी त्यावरून कळावे.

परिस्थितिवाद्यांना येथे आनंद होईल. पण थोडे थांबावे. गायकवाडांनी रेखाटलेली माणसे परिस्थितीने ढकललेली बाहुली नाहीत. ती हिशेब करतात, वाटणी ठरवतात, भांडतात, कोणाला किती कळू द्यायचे ते ठरवतात. त्यांच्यात कुशल आहेत, ढिले आहेत, घाबरट आहेत. एखाद्या मुलाने गुरूच्या घरी राहून तबला कसा शिकला, मार खाल्ला, बोल घोटले, हे कोणी लिहिले तर आपण त्यात साधना पाहतो. ‘तबलजी होण्यामागची सामाजिक कारणे’ शोधत बसत नाही. ‘उचल्या’तली शिकवणुकीची पाने तितक्याच बारकाईने, काम म्हणून वाचायला हवीत. मग त्या कामाच्या कडेने उभी असलेली इतर मंडळीही दिसू लागतात. पोलीस येतात ते नुसते पकडायला येत नाहीत, त्यांचा वाटा असतो. चोरी झाली की यांना उचलायचे आणि झाली नाही तरी यांना उचलायचे, कारण नाव वहीत आहे. ज्या माणसाला रोज हजेरी द्यावी लागते तो दूर गावी मजुरीला जाणार कसा? हजेरी चोरी थांबवण्यासाठी होती, आणि चोरीखेरीज दुसरे काही करणे तिनेच अशक्य केले. येथे कारण आणि परिणाम यांची जी गाठ बसली आहे, ती गायकवाडांनी उपदेश न करता, आजोबा आणि घरची माणसे यांच्या नुसत्या हकिकतींतून दाखवली आहे.

आणि शाळेचा प्रसंग. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो. वस्तीतल्या मुलांना हगवण-ओकारी होते. आणि वडीलधारी मंडळी निष्कर्ष काढतात की हे पोर शाळेत गेल्यामुळेच झाले, आपल्यात कोणी कधी शाळेत गेले नव्हते. हा प्रसंग वाचून शहरी वाचक हसतो किंवा हळहळतो. मी तो वाचताना १८७१ च्या कायद्याची आठवण टाळू शकलो नाही. आपल्या जातीला जे काम नेमून दिले आहे त्याबाहेर पाऊल टाकले की अरिष्ट येते, हा सिद्धान्त कौन्सिलातल्या विद्वान साहेबांचा होता, आणि धनेगावच्या उपाशी म्हाताऱ्यांचाही तोच झाला होता. ज्याच्यावर सिद्धान्त लादला जातो त्याने तो मनोमन स्वीकारलेला असणे, इतके करुण दृश्य मराठी गद्यात मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

‘उचल्या’ निर्दोष नाही. सूतगिरणीतील नोकरी, कामगारांची संघटना, मग चळवळ, सभा, मोर्चे, असे पुस्तक पुढे सरकते तसतशी पाने अहवालासारखी होत जातात. माणसांची नावे येतात, चेहरे येत नाहीत. १९८० च्या ‘उपरा’तही चळवळीची पाने याच अडचणीत सापडली आहेत. जेथे लेखकाला आपण काय सिद्ध करायचे ते कळले आहे तेथे लेखन सैल होते, आणि जेथे तो नुसते आठवत असतो तेथे ते घट्ट होते. १९८८ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक पुस्तकाच्या पहिल्या भागालाच मिळाले, असे मी स्वतःपुरते समजतो.

कोणी म्हणेल, जीवशास्त्र आता कवट्यांपाशी थांबलेले नाही. खरे आहे, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधील एका बंदिस्त रुग्णालयात जादा वाय गुणसूत्र असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा अधिक आढळले आणि ‘गुन्ह्याचे गुणसूत्र’ सापडल्याचा गवगवा झाला. १९७६ च्या डेन्मार्कमधील पाहणीने त्यातला हिंसेचा भाग फोल ठरवला. १९९३ मध्ये नेदरलंड्सच्या एका कुटुंबात एका जनुकातील दोष आणि काही पुरुषांचे आततायी वर्तन यांचा संबंध दिसला. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिन येथील अभ्यासातून असे निघाले, की त्याच जनुकाचा मंद प्रकार ज्यांच्यात आहे आणि बालपणी ज्यांचा छळ झाला आहे, त्यांच्यात हिंसक वर्तन अधिक दिसते. पुढच्या सगळ्या अभ्यासांनी हे सारखेच उचलून धरलेले नाही. आणि २००९ मध्ये इटलीत, लोम्ब्रोझोच्याच देशात, त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने अशा जनुकाचा विचार करून एका खुन्याची शिक्षा एका वर्षाने कमी केली. रक्ताची साक्ष आता आरोपीच्या बाजूने होऊ लागली, हा काळाचा विनोद म्हणायचा. पण जीवशास्त्राच्या आधारे हजेरी लावायचीच झाली, तर प्रथम विशी-पंचविशीतल्या सगळ्या पुरुषांची लावावी लागेल. कारण जगात कोठेही हिंसक गुन्ह्यांचा मोठा वाटा तरुण पुरुषांचा असतो, इतकी ठळक गोष्ट कोणत्याही जनुकाने अजून सांगितलेली नाही. तशी हजेरी कोणी सुचवत नाही. सुचवणारे स्वतःच त्या वहीत सापडतील.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी मी ‘उचल्या’वर बोललो. व्याख्यान संपल्यावर एक सुविद्य गृहस्थ जवळ आले आणि आपुलकीने म्हणाले, “पुस्तक फार अस्वस्थ करणारे आहे हो. त्या लोकांची परिस्थितीच तशी. त्यांना दोष देता येत नाही.” आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण खरे सांगा, अशा वस्तीजवळ घर घ्याल का तुम्ही?” दोन वाक्यांत त्यांना विसंगती वाटली नाही, आणि खरोखर ती नाहीच. दोष देता येत नाही, कारण त्यांच्या हातात काही नाही. आणि हातात काही नाही म्हणूनच त्यांचा भरवसा नाही. ‘बळी’ या शब्दाची दुसरी बाजू ही अशी आहे. मी त्यांना घराचे उत्तर दिले, घेईन म्हणून. ते हसले, त्यांना ते वक्त्याचे सौजन्य वाटले असावे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर फिरणारे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा होती. त्या जमावात कोणी लोम्ब्रोझो वाचलेला नव्हता, आणि १८७१ चा कायदा रद्द होऊन किती वर्षे झाली हेही कोणाला विचारायची गरज नव्हती. अनोळखी, फिरस्ते, मळक्या कपड्यांचे: एवढ्यावर उपपत्ती पूर्ण झाली. काब्युशला निदान न्यायालयात उभे केले होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार स्त्रीच्या याचिकेवर निकाल दिला. विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या आणि जातीवरून कैद्यांना कामे वाटणाऱ्या निरनिराळ्या राज्यांतील तुरुंग-नियमांना त्यात घटनाबाह्य ठरवले आहे. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकावा, असाही आदेश त्यात आहे. ‘उचल्या’तल्या आजोबांची हजेरी ज्या वहीत लागत असे, तिच्यात जात लिहून झाली की दुसरे काही लिहिण्याची गरजच पडत नव्हती.